ओढ नसलेले अकरा दिवस

दुसऱ्यांच्या प्रेमाचे आलेख काढता काढता शर्वरी देवतळे सदतीस वर्षांची झाली, आणि जानेवारीतल्या एका सोमवारी स्वतःच पेशंट होऊन डॉ. कुंदा गावंडे यांच्यासमोर जाऊन बसली. नागपूरच्या ओढ-अभ्यास केंद्रात ती नऊ वर्षं सांख्यिकी सांभाळत होती. माणूस पुन्हा पुन्हा एकाच वळणाच्या माणसाच्या प्रेमात का पडतो, हे शोधायला काढलेलं हे केंद्र. उत्तर सापडूनही बरीच वर्षं लोटली होती. उत्तर सापडलं म्हणून कुणाचं प्रेमात पडायचं थांबलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"मॅडम, माझा ठसा बदलून द्या," शर्वरी म्हणाली.

गावंडे मॅडम केंद्राच्या प्रमुख. मूळच्या अकोल्याकडच्या, आणि बोलता बोलता वऱ्हाडीवर घसरायच्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, की नियमाप्रमाणे आधी सगळं तोंडी समजावून द्यावं लागेल, ध्वनिमुद्रण चालू ठेवून. शर्वरी म्हणाली, त्यातली निम्मी समीकरणं मीच लिहिलेली आहेत. मॅडम म्हणाल्या, असू दे, कंपाउंडरलाही इंजेक्शन दुखतंच. आणि त्यांनी बटण दाबलं.

"तान्हं मूल रडतं. कुणीतरी येतं. रडणं आणि येणं यांच्यामध्ये जो वेळ जातो, तो मेंदू मोजून ठेवतो. काही घरांत दर वेळी तेवढ्याच वेळात माणूस येतं. काही घरांत कधी लगेच, कधी पाऊण तासानं, कधी येतच नाही. पहिल्या दोन वर्षांत जे काय घडेल, त्याचा ठसा उमटतो. मोठेपणी ज्याच्या उत्तराची लय त्या ठशाशी जुळते, तो माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो. आपण त्याला प्रेम म्हणतो."

"ठसा चांगला की वाईट, हे मेंदू बघत नाही," शर्वरीनं पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं.

"नाही बघत. आमच्याकडे खारपाणपट्टा आहे, विहिरीले पाणीच खारं. तिथल्या माणसाले नागपूरचं पाणी पाजा, तो म्हणते, चवच नाही." मॅडमनी कागद उलटला. "आता दुसरा नियम. ज्याची ओढ असते त्याला माणूस चटकन आणि नेमानं उत्तर देतो. ज्याची नसते त्याला आठवेल तेव्हा. याच्यासाठी संशोधन कायले लागते, देवालाच माहीत. पण नियम आहे, सांगितला."

शर्वरीच्या बाबतीत कोडं असं काही नव्हतं. तिचे आईवडील दोघंही चंद्रपूरच्या कोळसा खाणीत पाळीनं कामाला होते आणि पाळी दर आठवड्याला बदलायची. ही पाळण्यात रडली की कधी आई धावायची, कधी बाप, कधी शेजारच्या काकू, आणि कधी काकूंच्या कानावरच जायचं नाही. घरात माया उदंड होती, वेळापत्रक तेवढं नव्हतं. मग मोठेपणी जे व्हायचं तेच झालं. पहिला होता नाटकवाला, जो तालमीचं सांगून गायब व्हायचा. दुसरा वाघांची गणती करायला जंगलात जायचा आणि गणती संपली तरी यायचा नाही. तिसरा वकील, त्याच्याकडे दोन फोन होते आणि तो दोन्ही उचलायचा नाही. तिघांवरही शर्वरीनं जीव ओवाळून टाकला होता. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मैत्रिणींनी सांगितलं, अगं, हा मागच्यासारखाच आहे. आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, छे, हा वेगळा आहे.

या सगळ्या काळात प्रणित भोयर तिच्या शेजारच्या खोलीत बसत होता. लयमापक, म्हणजे दोन माणसांच्या बोलण्यातली अंतरं मोजणारं यंत्र, त्याच्या देखरेखीखाली होतं. त्यानं शर्वरीला दोनदा लग्नाचं विचारलं होतं, दोन्ही वेळा नीट, कुठलाही तमाशा न करता. तिनं काहीही विचारलं की दोन मिनिटांत त्याचं उत्तर यायचं. ती आजारी पडली की डबा यायचा. माणसात खोट म्हणून काढायला जागा नव्हती, आणि शर्वरीला त्याच्याबद्दल काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

"मला तो आवडायला हवाय," ती मॅडमना म्हणाली. "नुसतं हो म्हणून लग्न करायचं नाही मला. आतून हो यायला हवं. तेवढं करून द्या."

मॅडमनी सही घेतली.

उपचार तसे साधे होते. नाकात औषधाचा फवारा मारला की जुना ठसा काही आठवडे मऊ पडायचा. त्या काळात चाळीस बैठका व्हायच्या. पेशंटसमोर एक माणूस बसून गप्पा मारायचा आणि दर वेळी ठरावीक अंतरानं, न चुकता उत्तर द्यायचा. केंद्रात त्याला संगतकार म्हणत. चाळीस बैठकांत नवा ठसा धरायचा. शर्वरीसाठी संगतकार कोण, याचा फार विचार करावा लागला नाही. तिच्याशी बोलताना प्रणितइतकी सरळ लय केंद्रात दुसऱ्या कुणाची निघालीच नसती. त्याला विचारलं, तर तो दोन मिनिटांच्या आत हो म्हणाला.

मार्चमध्ये, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, शेवटची बैठक झाली. त्याच संध्याकाळी प्रणित नेहमीसारखा म्हणाला, "चहा घेणार?" आणि शर्वरीला तो प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटला. नऊ वर्षं हा माणूस हेच विचारत होता! तिला रडू आलं, हसू आलं, आणि कप धरलेल्या त्याच्या हाताकडे ती इतका वेळ बघत राहिली की चहावर साय धरली. पुढचे दहा-अकरा दिवस दोघांचे पाय जमिनीवर नव्हते. सकाळी सदर बाजारात तर्री पोहे, संध्याकाळी अंबाझरीच्या काठावर चालणं, आणि मधल्या वेळात एका भिंतीच्या अलीकडून पलीकडे निरोप. नवव्या दिवशी तिनं आईला फोन करून सांगून टाकलं. आई म्हणाली, एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

पाडव्याला शर्वरीनं त्याला जेवायला बोलावलं, साडेबाराला. तो चार वाजता आला. दिलगिरी नाही, काही नाही. म्हणाला, अगं, डोक्यातून निघूनच गेलं. श्रीखंड खाताना तो फोनवर क्रिकेट बघत होता. त्यानंतर त्याची उत्तरं कधी तासानं, कधी दुसऱ्या दिवशी यायला लागली. शर्वरी मात्र त्याचा निरोप आला की कामातून उठून उत्तर देत होती, त्याच्या डब्यात भाजी ठेवत होती, दाराबाहेर पावलं वाजली की मान वर करत होती. हे सगळं तिनं आधी तीनदा केलेलं होतं. फक्त या वेळी समोर सज्जन माणूस होता, म्हणून जास्त लागत होतं.

हेही आठ-दहा दिवसच चाललं. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं, की काल दिवसभरात आपल्याला प्रणितची आठवण आली नाही. आज आली, पण विशेष काही वाटलं नाही.

एप्रिलमध्ये पारा सेहेचाळीसवर गेला आणि कचेऱ्या पहाटे पाचला भरायला लागल्या. अशाच एका पहाटे प्रणित तिच्या खोलीत आला. शेवटच्या बैठकीनंतरचा तो सव्विसावा दिवस होता. जबलपूरला नवं केंद्र निघत होतं, तिथं बदलीसाठी त्यानं अर्ज केला होता आणि तो मंजूरही झाला होता. तीन दिवसांनी निघणार, असं त्यानं रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं सांगितलं.

"बरं," शर्वरी म्हणाली.

तो गेल्यावर ती त्या "बरं"चाच विचार करत बसली. दुःख नव्हतं. सुटल्यासारखंही वाटत नव्हतं. पण महिन्याभरापूर्वी ज्या माणसासाठी चहावर साय धरली, तो गाव सोडून चालला आणि आपण बरं म्हणतो, हे हिशेबात बसत नव्हतं. शर्वरीला भावनेतली गफलत खपायची, आकड्यातली नाही. तिनं आपल्याच चाळीस बैठकांची नोंद उघडली.

तिचा स्वतःचा आलेख चोख होता. नवा ठसा नीट बसलेला, सरळ लयीचा, कुठंही ओघळ नाही. मग बिघडलं कुठं? तेव्हा तिला आठवलं, की लयमापक दोघांचीही नोंद घेतो. पण संगतकाराचा भाग हिशेबात येत नाही. तो गोंगाट म्हणून वजा करून टाकायची आज्ञावली आहे, आणि ती आज्ञावली नऊ वर्षांपूर्वी तिनंच लिहिली होती. तेव्हा कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. दोष असतो तो तपासायला आलेल्यात, तपासणाऱ्यात कसला आलाय?

तिनं वजा केलेला भाग उलगडला. प्रणितचा ठसा तिच्या जुन्या ठशाचा सख्खा भाऊ होता. त्याची आई कापडाचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करायची, आज काटोल, उद्या सावनेर, हे शर्वरीला माहीत होतं. पण कधी त्याचा अर्थ लावायचं तिच्या मनात आलं नव्हतं. म्हणजे प्रणितची सरळ लय हा त्याचा स्वभाव नव्हता. शर्वरी नऊ वर्षं त्याला आठवेल तेव्हा उत्तर देत होती, म्हणून त्याला तिची ओढ होती. ओढ होती म्हणून तो नेमानं उत्तर देत होता.

पुढचं तिनं तासाभरात कागदावर मांडलं आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

तिचा ठसा आता सरळ होता, म्हणजे तो नेमानं वागला तरच ती ओढली जाणार. त्याचा ठसा वाकडा, म्हणजे ती अनियमित वागली तरच तो ओढला जाणार. तो ओढलेला असला की ती ओढली जाते. ती ओढली गेली की नियमित होते, म्हणून तो सुटतो. तो सुटला की थोड्या दिवसांनी तीही सुटते. ती सुटली की अनियमित होते आणि तो पुन्हा ओढला जातो. एक फेरा चव्वेचाळीस दिवसांचा. पहिले अकरा दिवस दोघांनाही ओढ, मग अकरा दिवस फक्त तिला, मग अकरा दिवस कुणालाच नाही, आणि शेवटचे अकरा फक्त त्याला.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग शर्वरीनं दुसरा कागद पुढं केला. केंद्रात एकट्यानं उपचार घेतलेल्या एकसष्ट पेशंटांची लग्नं किंवा संबंध नंतर मोडले होते आणि केंद्रानं ते उपचाराचं अपयश म्हणून नोंदवले होते. ते केव्हा मोडले, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. चोपन्न जणांचे उपचारानंतर तेविसाव्या ते तेहतिसाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे कुणालाच ओढ नसलेल्या अकरा दिवसांत, मोडले होते.

"मुलगी बघायले येतात," मॅडम म्हणाल्या, "तिले चालून दाखव म्हणतात, गाऊन दाखव म्हणतात. बघायले आलेल्या पोराले कोणी म्हणत नाही, तू चालून दाखव. आपण यंत्र नवं आणलं आणि पद्धत तीच ठेवली." मग त्यांनी विचारलं, प्रणितचाही ठसा बदलायचा का? शर्वरीनं नकारार्थी मान हलवली. दोघांचाही बदललेल्या दोन जोड्या केंद्राच्या माहितीत होत्या. ती माणसं दिवसभर एकमेकांना चटाचट उत्तरं देत बसायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत, आणि चौघांच्याही नोकऱ्या गेल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, मग त्याला थांबव. हीच तर अडचण होती. थांबवण्यासाठी जे आत असावं लागतं, ते शर्वरीकडे त्या घडीला नव्हतं. ओढ परत यायला त्याच्या बाजूनं अजून आठ दिवस होते आणि तिच्या बाजूनं त्यावर आणखी अकरा. आणि तो तीन दिवसांत चालला होता.

तिनं प्रणितला कागद दाखवला. स्वतःचा आलेख बघून तो जरा ओशाळला, मग त्याला ते यंत्राचं काम म्हणून आवडलंच.

"तू थांबावंस असं मला वाटत नाही," शर्वरी म्हणाली. "खरं तेच सांगते. पण चौतिसाव्या दिवशी तुला पुन्हा ओढ वाटायला लागेल, असं गणित म्हणतं. तोवर जाऊ नकोस."

"मलाही थांबावंसं वाटत नाही," प्रणित तितक्याच सरळपणे म्हणाला. "पण गणित चुकीचं दिसत नाही. छत्तिसाव्या दिवसापर्यंत थांबतो. सदतिसाव्याला निघेन."

शर्वरीनं आता काही कसूर ठेवायची नाही असं ठरवलं. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ती त्याला फोन करून विचारायची, काही वाटतंय का? तो म्हणायचा, नाही. ती नोंद करायची. चौतिसावा दिवस आला, त्यानं नाही म्हटलं. पस्तिसावा, छत्तिसावा, तेच. सदतिसाव्या दिवशी सकाळी तो जबलपूरच्या गाडीत बसला आणि शर्वरी कागद चुरगाळून मॅडमच्या खोलीत गेली. गणित चुकलं होतं. एवढी मोठी चूक तिच्याकडून आधी कधी झाली नव्हती आणि त्याचं तिला खरोखर वाईट वाटत होतं. प्रणितचं नव्हे, गणिताचं.

मॅडमनी तिची नोंदवही चाळली. दहा, दहा, दहा, दहा.

"रोज दहाला फोन करून राहिली तू," त्या म्हणाल्या. "नेमानं. आणि तो पोरगा तुझ्या अनियमितपणाची वाट पाहून राहिला."

शर्वरीनं वही ओढून पुन्हा पाहिली. मोजायला गेली आणि जे मोजायचं तेच मोजण्यानं उगवू दिलं नाही! सांख्यिकी शिकणाऱ्या पोरांना पहिल्या वर्षी सांगतात ते. आता उपाय एकच होता, आणि तिच्यासारखीला तो अवघड होता. मोजणं सोडून द्यायचं. मुद्दाम उशीर करायचा नाही, कारण मुद्दाम केलेल्या उशिरालाही एक लय येते. आपल्या कामाला लागायचं.

ती लागली. एकसष्ट जोडप्यांना पत्रं लिहायची होती. केंद्राची चूक कळवायची होती. काहींचे घटस्फोट होऊन दुसरी लग्नं झाली होती, त्यांना कळवावं की नाही यावर मॅडमशी तिचे तीनदा वाद झाले. मधे एकदा लयमापक अडला, तेव्हा तिनं प्रणितला एका दिवसात चार निरोप पाठवले आणि त्यानं दिलेल्या उत्तराचे आभार मानायचे राहून गेले. मग पाच दिवस तिला त्याची आठवण झाली नाही. चंद्रपूरला आईकडे जाऊन आली. आईनं लग्नाचं विचारलं, तेव्हा तिनं खरं ते सांगितलं, की मोडलं असावं, नक्की माहीत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पावणेआठला तिचा फोन वाजला. प्रणितचं नाव होतं. ती वाळवणातल्या कुरडयांचं ताट गच्चीवरून खाली आणत होती. फोन वाजून थांबला आणि परत करायचं तिच्या डोक्यातून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेआठ. या वेळी तिनं उचलला, दोन मिनिटं बोलली, जबलपूरच्या उन्हाचं ऐकलं. तिला विशेष काही वाटलं नाही, त्याच्या आवाजात मात्र काहीतरी होतं. तिसऱ्या दिवशी ती झोपली होती. चौथ्या दिवशी उचलला. पाचव्या, सहाव्या, रोज, तो पावणेआठला होताच, ती उचलो न उचलो.

दहाव्या दिवशी साडेसातला शर्वरीनं फोडणीखालचा गॅस बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहिली. का बंद केला ते तिला पाच मिनिटांनी कळलं. ती फोनची वाट पाहत होती. ओढ परत आली होती. काय होतंय, कशामुळे होतंय, कुठल्या नियमानं होतंय, हे जगात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यानं ओढ तसूभरही कमी झाली नाही.

पहिल्या घंटीला तिनं फोन उचलला. पहिल्या घंटीचा अर्थ प्रणितलाही कळत होता.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"आजपासून अकरा," शर्वरी म्हणाली. "मग तू उशिरा उचलशील आणि मी रडेन. मग दोघांनाही काही वाटणार नाही. मग पुन्हा तू."

"मग लग्न या अकरा दिवसांत करून टाकू. सुट्टी मिळेल मला. उद्या निघतो."

हे ऐकून शर्वरीला इतका आनंद झाला की हो तोंडाशी आलं. आतून आलेलं हो, ज्याच्यासाठी तिनं चाळीस बैठका घेतल्या होत्या, तेच. तिनं ते गिळलं.

"नाही. आजपासून सत्ताविसाव्या दिवशी," ती म्हणाली. "आता लग्न नसलं तरी तू येशीलच. पुढच्या अकरा दिवसांत तू नसलास तरी मी थांबेन, आणि शेवटच्यात तू थांबशील. या तेहतीस दिवसांना लग्न कशाला लागतं? ते कुणालाच काही वाटत नाही त्या अकरा दिवसांसाठीच लागतं."

"त्या दिवशी मला यावंसं वाटणार नाही, शर्वरी."

"मलाही नाही वाटणार."

"कंटाळा येईल. एवढ्या उन्हात, एवढ्या लांब."

"येईल."

जबलपूरकडून कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. ती कान लावून ऐकत होती.

"वेळ सांग," प्रणित म्हणाला. "आत्ताच तिकीट काढून ठेवतो."